जीयूव्हीत ॲक्टिनचं कडं हवंय, मिळतोय गोळा (पावसाळा, नवी मुंबई)

पामबीच_पेशी, २ जुलै, रात्री १०.४०

जीयूव्हीच्या, म्हणजे पेशीएवढ्या मोठ्या लायपोसोमच्या (मेदाच्या पोकळ फुग्याच्या) पोटात ॲक्टिनसारखी पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं भरणारे इथे तीन-चार जण तरी आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं. म्हणून सगळे आकडे एकदमच टाकतोय.

पद्धत उलट इमल्शनची: प्रथिनाच्या द्रावणाचे थेंब मेद घातलेल्या तेलात करायचे आणि फिरवून बाहेरच्या द्रावणात उतरवायचे. आतलं द्रावण २० मायक्रोलिटर: ॲक्टिन ६ मायक्रोमोलर, त्यातलं १० टक्के ॲटो ४८८ हा चकाकणारा रंग लावलेलं, फॅसिन (तंतूंच्या जुड्या बांधणारं प्रथिन) १ मायक्रोमोलर, ट्रिस २० मिलिमोलर, पीएच ७.४, केसीएल ५०, मॅग्नेशियम क्लोराइड २, एटीपी ०.५, डीटीटी १, सुक्रोज २००. बाहेर ग्लुकोज ३२०. तेल म्हणजे साधं मिनरल ऑइल, त्यात डीओपीसी हा मेद ०.५ मिलिमोलर. इमल्शन बाहेरच्या द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), १० मिनिटं.

तक्रारी तीन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जीयूव्ही शेकड्यांवरून दहा-बारावर आले. जे दिसतात त्यांच्या आत तंतू नाहीत, एक चकाकता गोळा आहे. आणि वीसेक मिनिटांत निम्मे फुटतात.

हवं आहे ते पडद्याला आतून चिकटलेलं ॲक्टिनचं कडं, पुढे त्यात मायोसिन (ॲक्टिनला ओढणारं मोटर-प्रथिन). पोस्टडॉकच्या अर्जात प्राथमिक निकाल म्हणून जोडायचंय, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत थांबा असं कृपया सांगू नका.

वाचनमात्र_वाशी, २ जुलै, रात्री ११.१५

बाहेरच्या माणसाचा प्रश्न, राग मानू नका. हे कडं कशासाठी?

तंतुमय, २ जुलै, रात्री ११.३२

राग कसला. प्राण्यांची पेशी दुभागते तेव्हा तिच्या कमरेला ॲक्टिन-मायोसिनचा पट्टा आवळला जातो. तोच पट्टा पेशीविना, मोजक्या शुद्ध प्रथिनांतून आणि मेदाच्या रिकाम्या फुग्यात उभा करता येतो का, हे बघायचं. करता येतो, २०२१ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटानं आकुंचन पावणारी कडी जीयूव्हीत दाखवली. पण तिथेही कडं पडद्यावरून घसरत जाऊन गोळा होण्याचाच कल असतो. फुगा नीट दुभागणं हे अजून पुढचं काम.

आता पामबीच. तीन तक्रारींची कारणं तीन आहेत, एका औषधानं तिन्ही जाणार नाहीत. फुटण्याचं सोपं आहे, आतल्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या एकूण कणांचं प्रमाण, तुमच्याच आकड्यांची बेरीज करून काढा. केसीएल ५० म्हणजे १०० मिलिऑस्मोल, आयन दोन म्हणून. मॅग्नेशियम क्लोराइड २ म्हणजे ६. ट्रिस २० घेऊन ॲसिडनं ७.४ ला आणलं की क्लोराइडसकट ३५ ते ३७. एटीपी-डीटीटीचे मिळून ३. सुक्रोज २००. झाले ३४५. बाहेर तुम्ही ठेवलेत ३२०. पाणी आत शिरणार, पडदा ताणणार, फुगा फुटणार. आणि न फुटला तरी ताणलेल्या फुग्याला मायोसिन काय आवळणार? बाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा १५ ते २० नं चढंच हवं, म्हणजे पडदा किंचित सैल पडतो.

सुक्रोज १५० करा. आत २९५ होतील. बाहेर ३१० ठेवा.

उपवन_काठ, ३ जुलै, सकाळी ७.०५

तंतुमय, ऑस्मोलॅरिटी बरोबर, पण घनता विसरलात. सुक्रोज १५० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५१ ग्रॅम. ग्लुकोज ३१० म्हणजे लिटरला ५६ ग्रॅम. आतल्या मिठाचे चार-पाच ग्रॅम धरले तरी आतबाहेर जवळजवळ बरोबरी होते. फुगे तेलाच्या सीमेवरच रेंगाळतील, तळाला बसणार नाहीत, आणि मग पुन्हा 'संख्या कमी झाली' म्हणून धागा निघेल.

त्यापेक्षा आत १० टक्के ऑप्टिप्रेप घाला. ते ६० टक्के आयोडिक्सॅनॉल, घनता १.३२, त्यामुळे १० टक्क्यांतच मिलिलिटरमागे ०.०३ ग्रॅम वाढ मिळते आणि ऑस्मोलॅरिटी फक्त १७ च्या आसपास चढते. सुक्रोज १३० वर आणा. बेरीज २९२. फायकॉल आणि परकॉल ही घनता वाढवणारी इतर द्रव्यं टाळा. फायकॉल गर्दी करून तंतूंना आपोआप जुड्यांत ढकलतं आणि मग जुडी फॅसिननं केली की फायकॉलनं, हे सांगता येत नाही. परकॉल तर सिलिकाचे कणच आहेत.

पुढे मायोसिन आलं की एटीपी पुरत नाही म्हणून क्रिएटिन फॉस्फेट २० मिलिमोलर घालाल. ते सोडियमसकट ६० च्या घरात जातं. तेव्हा सुक्रोज पुन्हा उतरवा. दर वेळी ऑस्मोमीटरवर मोजा, हिशेब फक्त चूक कुठे आहे हे कळण्यापुरता.

तंतुमय, ३ जुलै, सकाळी ८.२०

मान्य. घनतेचं डोक्यातून निसटलं.

गढूळ_तेल, ३ जुलै, दुपारी १.५०

संख्या घसरण्याचं उत्तर तारखेतच आहे. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे पाऊस लागतो तो. कोरड्या तेलात मेदाचे रेणू एकेकटे किंवा बारीक पुंजक्यांत असतात आणि थेंबाच्या पृष्ठभागावर पटकन येऊन बसतात. तेलात पाणी मुरलं की तेच रेणू त्या सूक्ष्म पाण्याभोवती गुंडाळून बसतात. थेंबाला पांघरूण पुरत नाही, सीमेवरचा थरही विरळ राहतो, आणि सीमा ओलांडताना थेंब फुटतो. सीडाइस या, फिरत्या भांड्यात फुगे करण्याच्या, पद्धतीवर नेदरलँड्समध्ये २०२१ साली जे बारकाईनं काम झालं त्यात हवेतली आर्द्रता हा घटक ठळकपणे पुढे आला. तिकडच्या थंड हवेत इथल्यापेक्षा बाष्प कमी असूनसुद्धा. खारघरच्या जुलैत काय होत असेल ते बघा.

करायचं असं.

डीओपीसीची कुपी उणे २० मधून काढल्या काढल्या उघडायची नाही. डेसिकेटरमध्ये पाऊण तास ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड काच उघडली की आतून दव धरतं, आणि ते नंतर कशानंच जात नाही. डेसिकेटरमधले निळे खडे गुलाबी झाले असतील तर तो डेसिकेटर नसून नुसती काचेची बरणी आहे.

१ मिलिलिटर तेलात ०.५ मिलिमोलर हवं तर मेद ०.३९ मिलिग्रॅम लागतो. २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या क्लोरोफॉर्मी साठ्यातून १५.७ मायक्रोलिटर. काचेच्याच कुपीत, काचेच्या सिरिंजनं. प्लास्टिकची टीप क्लोरोफॉर्ममध्ये बुडवली की प्लास्टिकचाही अंश आत जातो. नायट्रोजनच्या मंद झोतात वाळवा, मग व्हॅक्यूममध्ये दोन तास. त्यावर तेल, आणि ५० अंशांच्या सोनिकेटर बाथमध्ये अर्धा तास, झाकण पॅराफिल्मनं बंद. बाथचं पाणी झाकणापर्यंत चढू देऊ नका.

तेल आधीच कोरडं हवं. मॉलेक्युलर सीव्ह, ३ किंवा ४ अँगस्ट्रॉम, ३०० अंशांवर रात्रभर भाजून, गार करून तेलात टाका आणि दोन दिवस ठेवा. वापरायच्या आधी भुकटी खाली बसू द्या, ती फुग्यांत दिसते. मेद घातलेलं तेल त्याच दिवशी संपवा.

खोलीची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. एसी कॉम्प्रेसर चालू असेपर्यंतच पाणी ओढतो. नुसत्या पंख्यावर ठेवला की ओलावा तसाच. रात्री बंद होणाऱ्या इमारतीत सोमवार सकाळ सगळ्यात वाईट. डीह्युमिडिफायर मिळत नसेल तर नायट्रोजन भरलेली ग्लोव्ह बॅग, आणि त्यातसुद्धा पाचशे रुपयांचा हायग्रोमीटर ठेवायचा. हायग्रोमीटर नसेल तर पुढची चर्चा अंदाजपंचे.

पामबीच_पेशी, ३ जुलै, संध्याकाळी ६.३०

हायग्रोमीटर लावला. बाकावर ७८ टक्के. तेलाची बाटली एप्रिलमध्ये उघडलेली. आता तोंड कुठे लपवावं असं झालंय. गोळ्याचं काय?

तंतुमय, ३ जुलै, रात्री ९.१०

गोळ्याला दोन जबाबदार असू शकतात. एक, ॲक्टिन आत जायच्या आधीच खराब होतं. दोन, ते चांगलं होतं पण इमल्शन होण्याआधीच तंतू झाले. ओळखायला चार नळ्या लावा.

पहिलीत ॲक्टिनच नाही, नुसता चकाकणारा डेक्स्ट्रान. यात फुगे नीट आले तर तेल-पडदा ठीक. दुसरीत ॲक्टिन आहे, पण केसीएल-मॅग्नेशियम नाही आणि ०.२ मिलिमोलर कॅल्शियम आहे, म्हणजे जी-बफरच (ॲक्टिनचे रेणू सुटे ठेवणारं द्रावण). मिठाची ऑस्मोलॅरिटी सुक्रोजनं भरून काढा. इथे फुगा आतून एकसारखा उजळ दिसायला हवा. इथेच ठिपके किंवा गोळा दिसला तर बाकी काही बघू नका, ॲक्टिन गेलं. तिसरीत मीठ आहे, फॅसिन नाही: बारीक तंतूंचं धुकं. चौथी तुमची नेहमीची.

प्रथिनाची तपासणी वेगळी. जी-ॲक्टिन (तंतू न झालेले सुटे रेणू) बर्फात जास्तीत जास्त दोन आठवडे, तेही दर दोन-तीन दिवसांनी ताज्या एटीपी-डीटीटीच्या बफरात डायलिसिस चालू ठेवून. गोठवलेलं असेल तर झटपट वितळवा, जी-बफरात पातळ करा, तासभर बर्फात राहू द्या म्हणजे जुडलेले तुकडे सुटतात, आणि मग १,००,००० जी वर अर्धा तास, ४ अंशांना. वरचा दोन-तृतीयांश भागच घ्या. लोक ही शेवटची पायरी अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा स्लॉट मिळत नाही म्हणून गाळतात आणि मग दोन महिने मायक्रोस्कोपला दोष देतात.

मोजमाप २९० नॅनोमीटरवर, २८० वर नाही, कारण एटीपीची शेपटी २८० पर्यंत येते. ब्लँक म्हणून तेच एटीपी असलेलं जी-बफर. वाचन भागिले ०.६३ म्हणजे मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. १.२६ आलं तर २ मिलिग्रॅम, साधारण ४७ मायक्रोमोलर. साठा यापेक्षा पातळ ठेवू नका, नाहीतर २० मायक्रोलिटरात बाकीच्यांना जागाच उरत नाही.

पायरीन (तंतू झाले की उजळणारा रंग) लावलेलं ॲक्टिन ५ टक्के मिसळून, एकूण २ मायक्रोमोलरवर, ३६५ ला उत्तेजन आणि ४०७ ला वाचन. मीठ घातल्यावर सुरुवातीला आळसावलेला सपाट भाग दिसलाच पाहिजे. मीठ पडल्या पडल्या आलेख चढला तर आत आधीपासून बिया (तंतूंचे तयार तुकडे) आहेत. शेवटी ५ मायक्रोमोलर तंतू करून पुन्हा १,००,००० जी. वरच्या द्रावणात ०.१ च्या आसपास उरायला हवं. १ किंवा २ मायक्रोमोलर उरलं तर तेवढं मेलेलं ॲक्टिन घेऊन तुम्ही हिशेब करत आहात.

उपवन_काठ, ३ जुलै, रात्री १०.००

मिसळण्याचा क्रम लिहायचा राहिला. ॲक्टिन सगळ्यात शेवटी, बर्फावर. त्या आधी तेल मोजून नळीत तयार, पिपेट हातात. ॲक्टिन पडल्यापासून इमल्शन होईपर्यंत एक मिनिट, फार तर दीड. ६ मायक्रोमोलरला खोलीच्या तापमानावर तंतू मिनिटांत होतात, आणि फॅसिन असेल तर जुड्याही. मग तुम्ही नळी रॅकवर खरखरवता तेव्हा जाळं तुटतं, तुकडे गोळा होतात आणि थेंबांत असमान वाटले जातात. काही फुगे रिकामे आणि काहींत गोळा असं चित्र असेल तर हेच कारण.

कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम आधी बसवायचं असेल तर ५० मायक्रोमोलर मॅग्नेशियम आणि ०.२ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं), बर्फात दोन ते पाच मिनिटं. तास-दीड तास ठेवू नका, बिया धरायला लागतात.

कोपरखैरणे_नळी, ४ जुलै, सकाळी ११.२०

मध्ये घुसतोय. ॲक्टिन किंवा ट्युब्युलिन (पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचं प्रथिन) बाहेरून मागवलं की ड्राय आइस, कस्टम्स आणि प्राण वर. इथेच करायचं तर कच्चा माल कुठला?

भेजाफ्राय_ठाणे, ४ जुलै, दुपारी ३.४५

माझ्या आवडीचा विषय आला. (नावावर जाऊ नका. जा.)

ॲक्टिनसाठी ब्रॉयलरची छाती. डोळ्यांदेखत कापलेली, न धुतलेली, गोठवलेलं पाकीट नको. खिमा करा, आधी मायोसिन काढायला ०.१ मोलर केसीएल आणि ०.१५ मोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.५, दहा मिनिटं, मग ०.०५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, मग १ मिलिमोलर ईडीटीए, मग पाणी. प्रत्येक वेळी मलमलीतून पिळून. त्यानंतर ॲसिटोनचे धुणे, शेवटचं निथळ स्वच्छ येईपर्यंत, आणि फ्यूम हूडमध्ये रात्रभर वाळवण. ॲसिटोनचा ओला खिमा घरगुती फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक करू नका, दिव्याच्या स्विचची ठिणगी पुरते. वाळलेली भुकटी उणे ८० ला महिनोन्महिने टिकते.

१ ग्रॅम भुकटीला २० मिलिलिटर थंड जी-बफर, अर्धा तास हलवा, गाळा, ३०,००० जी. वरच्यात केसीएल ५० आणि मॅग्नेशियम २ मिलिमोलर, एटीपी १. खोलीच्या तापमानाला तासभर. आता कोरडं केसीएल घालत ०.८ मोलरपर्यंत, अर्धा तास. हे ॲक्टिनच्या तंतूंना चिकटलेलं ट्रोपोमायोसिन सोडवण्यासाठी. ही पायरी गाळलीत तर तंतू दिसतील पण फॅसिन नीट बसणार नाही आणि कारण सापडणार नाही. मग १,००,००० जी, तीन तास. पेलेट काचेसारखा पारदर्शक दिसतो, ट्यूब रिकामी समजून फेकू नका. डाउन्समध्ये (काचेच्या हातकुटणीत) जी-बफरात कुस्करा, दोन-तीन दिवस डायलिसिस, पुन्हा स्पिन, आणि जेल फिल्ट्रेशनच्या शिखराच्या उतरणीकडचे भाग घ्या. चढणीकडे कॅपिंगची (तंतूंची टोकं बंद करणाऱ्या प्रथिनांची) घाण असते. १० ते २० मिलिग्रॅम मिळाले की झालं.

ट्युब्युलिनसाठी बकऱ्याचा भेजा. एक साधारण शंभर ग्रॅमचा, सहा ते आठ लागतात. इथे शास्त्रापेक्षा खाटकाशी बोलणं महत्त्वाचं. मुंडी फोडू नका, पाण्याखाली धरू नका, एवढं सांगून ठेवायचं. देवनारहून पहाटे निघालेला माल दुकानात लागेपर्यंत किती वेळ गेला ते विचारा. कापल्यापासून दोन तासांच्या आत थंड बफरात गेला तर उत्पन्न मिळतं, दुपारच्या भेज्यात दम नसतो. बुधवार, शुक्रवार, रविवार माल ताजा. श्रावणात माल कमी येतो, तेव्हा आषाढातच साठा करा. बर्फाच्या पेटीत आणा, पण थेट बर्फावर नको, गोठलेला भाग वाया जातो.

वरची पडदी आणि रक्ताच्या गुठळ्या चिमट्यानं काढा. किलोला लिटरभर बफर: एमईएस ५० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड १, पीएच ६.६. मिक्सर थांबत थांबत, फेस येऊ देऊ नका. २९,००० जी, ४ अंश, तासभर. वरचं द्रावण, तेवढंच १ मोलर पाइप्सचं बफर (पीएच ६.९ पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं, मॅग्नेशियम १०, ईजीटीए २०) आणि तेवढंच ३७ अंशांना आणलेलं ग्लिसरॉल, सम भाग. एटीपी १.५, जीटीपी ०.५. ३७ अंशांवर तासभर. मग १,५०,००० जी, अर्धा तास, रोटर आधीच ३७ ला तापवलेला. थंड रोटरमध्ये सूक्ष्मनलिका सुटतात आणि दिवसभराची मेहनत वरच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये. पेलेट थंड बफरात सोडवा, बर्फात अर्धा तास, गार स्पिन, आणि सगळी फेरी पुन्हा एकदा. पाइप्सची ताकद एवढी जास्त ठेवण्याचं कारण हेच की सोबतची प्रथिनं नलिकांना चिकटून राहत नाहीत, नाहीतर फॉस्फोसेल्युलोजचा स्तंभ लावावा लागतो.

शेवटी ८० मिलिमोलर पाइप्सच्या बफरात, २८० ला १,१५,००० या गुणांकानं मोजा, छोट्या भागांत द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा. सावकाश गोठवलं की संपलं.

सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कागद द्या.

येऊरचा_वाघ, ४ जुलै, रात्री ८.३०

हे सगळं छान आहे, पण यात सिंथेटिक बायॉलॉजी कुठे? खरं सिंथेटिक म्हणजे जनुक फुग्यात टाका आणि प्रथिन आतच बनू द्या. प्युअर सिस्टिम (पेशीविना प्रथिन बनवणारं शुद्ध घटकांचं मिश्रण) २००१ पासून आहे. भेजे कुस्करणं हे १९७० चं बायोकेमिस्ट्री आहे.

तंतुमय, ४ जुलै, रात्री ९.०५

वाघोबा, प्युअरमध्ये ॲक्टिनचं जनुक टाकून बघा. साखळी बनेल, घडी पडणार नाही. ॲक्टिन आणि ट्युब्युलिन दोघांनाही घडीसाठी सीसीटी नावाचं शॅपरोनिन लागतं, ते आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींत असतं. प्युअरचा माल ई. कोलायचा, त्यात ते नाही. म्हणून भेजा.

जीवाणूंचे भाऊबंद घेतले तर तुमचं म्हणणं बरोबर. एफटीएसझेड हा ट्युब्युलिनचा नातेवाईक, एमआरईबी हा ॲक्टिनचा. दोन्ही नाती रचनेतून पक्की झाली, १९९८ आणि २००१ मध्ये. हे दोन्ही प्युअरमध्ये घडी घेतात.

मासुंदा, ४ जुलै, रात्री ९.४०

एफटीएसझेडचं एक सांगते. २००८ मध्ये पडद्याला चिकटणारं शेपूट जोडलेलं एफटीएसझेड लायपोसोममध्ये घातल्यावर कडी बनली आणि पडदा आत खेचला गेला. ई. कोलायमध्येच भरपूर बनतं, गरम रोटर नको, खाटीक नको. नवशिक्या गटाला हेच सांगावं असं मला वाटतं.

पण जीटीपीचं गणित करा. एक रेणू मिनिटाला चार-पाच जीटीपी खातो. १० मायक्रोमोलर एफटीएसझेड म्हणजे मिनिटाला ५० मायक्रोमोलर. १ मिलिमोलर जीटीपी वीस मिनिटांत संपतो, आणि फुग्यात बाहेरून घालता येत नाही. सेंट्रिफ्यूज, स्लाइड, फोकस यातच पंधरा मिनिटं जातात. मग कडी 'दिसत नाहीत' अशी ओरड. जीटीपी पुन्हा बनत राहावा म्हणून ॲसिटेट कायनेज आणि ॲसिटिल फॉस्फेट घाला, ऑस्मोलॅरिटीत धरा.

येऊरचा_वाघ, ४ जुलै, रात्री १०.१०

सीसीटीचं मान्य. मग डीएनएच्या नळ्या? २०२२ मध्ये त्याचाच सांगाडा करून दाखवलाय. ऑलिगो मागवायचे, ९० अंशांवरून हळूहळू गार करायचे, नळ्या तयार. पावसाळा असो की उन्हाळा.

मासुंदा, ४ जुलै, रात्री १०.२५

चांगला पर्याय, शीतसाखळी लागत नाही हे खरंच. फक्त मॅग्नेशियम १० मिलिमोलरच्या आसपास लागतं, तेव्हा ऋणभारित मेद असेल तर फुगे एकमेकांना चिकटतात. आणि एटीपी खाऊन एका टोकाला वाढणं, दुसऱ्या टोकाला झिजणं हे त्यात आपोआप येत नाही. ते वेगळं रचावं लागतं. पामबीचना मायोसिन चालवायचंय, त्यांना उपयोग नाही.

उपवन_काठ, ५ जुलै, सकाळी ७.३०

कड्याकडे परत येऊ. फुग्याचा आकार महत्त्वाचा. ॲक्टिनच्या एका तंतूची ताठरता-लांबी (एवढ्या लांबीपर्यंत तंतू जवळपास सरळ राहतो) १९९३ च्या मोजमापात १७.७ मायक्रोमीटर आली होती, सूक्ष्मनलिकेची ५ मिलिमीटरच्या वर. म्हणजे १० ते १५ मायक्रोमीटरच्या फुग्यात जुडीला वाकावंच लागतं आणि कमीत कमी वाकायचं तर ती परिघाला लागून फिरते. कडं आपोआप होतं. ४० मायक्रोमीटरच्या फुग्यात तीच जुडी मधूनच आडवी पडते. तेव्हा मोजणी करताना छोटे फुगे वेगळे धरा. नलिका मात्र एवढ्या ताठ की छोट्या फुग्याला लिंबासारखी टोकं काढतात.

फॅसिन फार ताठ जुड्या करतं. १ ऐवजी ०.३ ते ०.५ करून बघा, किंवा त्याऐवजी अल्फा-ॲक्टिनिन (हेही तंतू जोडतं). पडद्याला बांधण्यासाठी दोन वाटा. बायोटिनचा मेद १ टक्का, न्यूट्राव्हिडिन (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रथिन) आणि बायोटिन लावलेलं ४ टक्के ॲक्टिन: पक्कं, पण न्यूट्राव्हिडिन जास्त झालं तर तेच तंतूंना एकमेकांना जोडतं आणि पुन्हा गोळा. दुसरी निकेलच्या मेदाची, निकेलला चिकटणारा हिस-टॅग असलेल्या जोडप्रथिनासाठी. इथे ईडीटीए अजिबात नको, निकेल ओढून नेतो. ईजीटीए कमीत कमी. आणि डीटीटीऐवजी टीसेप, कारण डीटीटी निकेलला खराब करतं. दोन्हींत लक्षात ठेवा, तेलात घातलेल्या टक्क्यांइतका मेद पडद्यात उतरतोच असं नाही.

स्लाइडची काच बीटा-केसीननं १ मिलिग्रॅमवर पंधरा मिनिटं झाकून घ्या. कडा सील करा, बाष्पीभवनानं बाहेरचं द्रावण चढत जातं. आणि प्रकाशानं तंतू तुटू नयेत म्हणून लोक सवयीनं ग्लुकोज ऑक्सिडेज घालतात. बाहेर ३१० मिलिमोलर ग्लुकोज असताना ते घातलं की ग्लुकॉनिक ॲसिड बनत राहतं आणि पीएच ढासळतो. त्याऐवजी ऑक्सिजन संपवणारी पीसीए-पीसीडीची जोडी वापरा.

मासुंदा, ५ जुलै, सकाळी ९.००

अर्जाबद्दल एकच. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप बघत असाल तर ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, आणि पीएचडीनंतर आठ वर्षांची मर्यादा. आपल्याकडची एएनआरएफची (केंद्राच्या संशोधन-निधी प्रतिष्ठानाची) राष्ट्रीय पोस्टडॉक दोन वर्षांची. दोन वर्षांत शून्यापासून सहा प्रथिनं शुद्ध करून कडं आवळून दाखवतो असं लिहिलं तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबतो. कुठलं प्रथिन हातात आहे, त्याची पायरीनची रेघ कशी आहे, आर्द्रता कशी सांभाळणार, हे चार ओळींत लिहा. प्राथमिक निकालात एक सुंदर फुगा दाखवू नका, किती फुग्यांपैकी कितींत कडं, तो आकडा द्या.

पामबीच_पेशी, ११ जुलै, रात्री ११.५५

चार नळ्या लावल्या. पहिलीत फुगे भरपूर, ३५ टक्के आर्द्रता, सीव्हवरचं तेल. दुसरीत ठिपके. म्हणजे ॲक्टिनच. स्पिन मारल्यावर ठिपके गेले, पण २९० चं वाचनही ४० टक्क्यांनी उतरलं. तिसरीत धुकं. चौथीत फॅसिन ०.४ वर, ऑप्टिप्रेप घालून, मोजलेली ऑस्मोलॅरिटी आत २९६, बाहेर ३१२: १५ मायक्रोमीटरच्या आतल्या ६० फुग्यांपैकी २२ मध्ये परिघाला लागून जुडी, ९ मध्ये पूर्ण कडं. तासाभरानंतरही टिकून. बायोटिन अजून घातलेलं नाही.

४० टक्के ॲक्टिन पेलेटमध्ये गेलं ते परत मिळवता येतं का?

भेजाफ्राय_ठाणे, १२ जुलै, सकाळी ६.५०

नाही. तंतू असतील तर जी-बफरात डायलिसिसनं सुटतात, पण हे विकृत झालेले गठ्ठे आहेत. आज रविवार, साडेसातपर्यंत दुकानात पोचलात तर छाती ताजी मिळेल. धुवू नका म्हणून आधी सांगा.

गढूळ_तेल, १२ जुलै, सकाळी ८.१५

आणि ॲसिटोन ओतण्याआधी एक्झॉस्ट चालू आहे का बघा. रविवारी बऱ्याच इमारतींत तो बंद असतो.